वाटीतलं पाणी

“मग दोष आहे तरी कशात, चाचा? कॅमेरा नवा, लेन्स नवी, ट्रायपॉड चांगला भक्कम...”

तेजल मगदूम तणतणत होती. अब्बासचाचा ऐकत होते. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत, लाकडी माडीवर त्यांचा जुना स्टुडिओ. भल्याभल्या गवयांनी त्यांच्यापुढं बसून फोटो काढून घेतलेले.

फोटो विकणाऱ्या वेबसाइटनं तेजलचे फोटो तीनदा परत धाडले होते. ‘स्पष्ट नाही’, एवढाच शेरा. चौथ्यांदा परत आले की सहा महिने दार बंद. मग सोमवारपासून मामाच्या दुकानात कापड फाडायला उभं राहायचं, हे घरी ठरूनच गेलं होतं.

चाचांनी तिचा सतारीचा फोटो लॅपटॉपवर मोठा करायला लावला.

“उजेड झकास धरलायस. वरच्या तारा किती?”

“सात.”

“मोज.”

तिनं मोजल्या. चौदा भरल्या. प्रत्येक तारेशेजारी एक फिकट तार उभी होती.

तेजलचा चेहरा पडला. घरी मोबाइलवर हाच फोटो बघून ती स्वतःवरच खूश झाली होती.

चाचा उठले. सतार खिडकीपाशी टेकवली, वाटीभर पाणी आणून ट्रायपॉडच्या पायाशी ठेवलं.

“काढ.”

तिनं बटण दाबलं. खिडकीचा उजेड मंद, फोटोला सेकंदभर तरी लागणार होता. तेवढ्यात वाटीतलं पाणी थरथरलं.

“कोण हललं?”

“मी नाही, चाचा. शप्पथ.”

“पुन्हा काढ.”

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी फळी कुरकुरली आणि तेजलनं खाली पाहिलं. बोट अजून बटणावर होतं आणि पाऊल केव्हाच पुढं पडलं होतं. फोटो कसा आलाय ते बघायला मान वाकली होती.

...

“सरक,” चाचा म्हणाले.

ते कॅमेऱ्यामागं उभे राहिले. सतारीकडं बघत राहिले, इतका वेळ की तेजलला वाटलं, म्हातारा विसरला बहुतेक. मग बोट हललं, बाकी काही नाही. पाणी आरशासारखं. फोटो निघाला तसे ते चहाचं आधण ठेवायला आत गेले. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तेजलनं फोटो मोठा केला. सात तारा, सातच. तारा टेकतात त्या घोडीवर कानशीचा बारीक ओरखडासुद्धा दिसत होता. ज्या माणसाला आपण नव्या कॅमेऱ्याच्या गोष्टी सांगत होतो, त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं तिला वाटलं.

“चाचा, हाच पाठवू?”

चाचा बाहेर आले आणि त्यांनी तो पुसून टाकला.

“तुझा पाठव.”

तेजल कॅमेऱ्यामागं उभी राहिली. सतारीकडं बघितलं. पुन्हा बघितलं. आत चहा उकळून उतू गेला, कुणी हललं नाही. मग तिनं बटण दाबलं.

पाणी स्थिर होतं.

फोटो निघाल्याचा खटका झाला आणि तिचा हात स्क्रीनकडं गेला. तिथं आधीच चाचांचा तळवा पसरलेला होता.

“बघू द्या की, चाचा. आजच पाठवायचाय... नीट आला नसला तर?”

“बघून झालं नव्हतं, तर बटण दाबलंस कशाला?”