रिकामी चरवी

एक होतं गाव, बोरमाळ नावाचं. त्या गावाला राजाही होता, पण तो लांब राजधानीत राहायचा. त्याचं काम या गोष्टीत शेवटी पडणार आहे, तोवर बसू दे त्याला तिकडेच.

बोरमाळची माणसं रीत फार सांभाळायची. शेजारणीनं वाटीभर कढी दिली, तर ती वाटी रिकामी परत जायची नाही. चिमूटभर साखर, नाहीतर चार शेंगा, घरात काहीच नसलं तर परसातलं एखादं फूल, पण वाटीत काहीतरी घालायचं आणि मगच ती द्यायची. आपणही तसंच करतो, बरं का. परवा तुम्हीच नाही का शेजारचा डबा परत द्यायला गेलात? त्यात पाच लाडू होते. पोचले चार, ते वेगळं.

तर या गावात गोदूबाई राहायच्या. त्यांची थोरली सून मैना, मैनेची दीड वर्षांची ठकू, आणि धाकटी सून पवळा. पवळेचं लग्न होऊन तीनच महिने झाले होते. तिचा आवाज अजून घरात कुणी धड ऐकला नव्हता. काही विचारलं की ती 'हो' म्हणायची, आणि मनात दुसरंच काहीतरी म्हणायची.

त्या साली गावातल्या सगळ्या गाई आटल्या. ठकूला घोटभर दूध मिळेना. मग एके दिवशी एक सौदागर आला. डोक्याला मोरपंखी पागोटं, जिभेवर साखर, आणि पाठीवर हे एवढं गाठोडं. गाठोडं कसं, तर नव्या उशीसारखं मऊ. त्यानं ओसरीवर एक पितळी चरवी ठेवली, दूध ठेवायला असते ना, तसली.

"मावशी," तो म्हणाला, "ही रोज पहाटे आपोआप दुधानं भरते. पैसा नको, धान्य नको. करारावर फक्त अंगठा द्या."

"मग तुला काय मिळणार?" गोदूबाईंनी विचारलं.

"तुमच्या नातीनं दूध प्यायलेलं बघायला मिळेल. आणि नाही आवडली चरवी, तर परत करा. कधीही."

कराराचा कागद चांगला मनगटाएवढा जाड गुंडाळलेला होता. त्यानं तो वीतभर उलगडला आणि वाचलं, 'रोज पहाटे चरवी दुधानं भरेल.'

"आणि खालचं?" मैनेनं विचारलं.

"खालचं नेहमीचंच."

नेहमीचं म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. पवळेला विचारावंसं वाटलं. तिचे वडील गावाला पत्रं लिहून द्यायचे, वाचूनही दाखवायचे. त्यांनीच तिला अक्षर शिकवलं होतं, आणि सांगितलं होतं की कागद आधी खालून वाचायचा, वर सगळे गोडच लिहितात. पण तीन महिन्यांच्या सुनेनं सासूच्या पुढे कसं बोलायचं? ती गप्प बसली. गोदूबाईंनी अंगठा दिला. सौदागरानं कागद गुंडाळून काखेत मारला. चरवी घरात राहिली, कागद त्याच्याबरोबर गेला.

मग काय, दूधच दूध. खीर झाली, पेढे झाले. बघता बघता घरोघरी चरव्या आल्या.

आणि सातव्या दिवशी ठकूची झोप गेली.

पोर आजारी नव्हती. डोळे लाल व्हायचे, मान डुलायची, पण पापणीला पापणी लागायची नाही. पाळणा ओढून ओढून मैनेचे हात सुजले. आठ दिवसांत ठकूचं हसू गेलं, पंधरा दिवसांत तिनं रडणंही सोडलं. नुसती आढ्याकडे बघत पडून राहायची. गावातल्या प्रत्येक घरातल्या धाकट्या मुलाचं हेच झालं.

"हे दूध आल्यापासून झालंय," गोदूबाई म्हणाल्या. "नको आपल्याला ती चरवी."

बाजाराच्या दिवशी सौदागर पारावर बसायचा. गोदूबाई चरवी घेऊन गेल्या. जाताना रीतीप्रमाणे तिच्यात मूठभर तांदूळ घातले. सौदागरानं आत बघितलं, हसला, हात जोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे चरवी दारात हजर, दुधानं भरलेली.

मग पुढच्या बाजाराला मैना गेली. तिला वाटलं, तांदळानं त्याचा मान राखला गेला नसेल. तिनं चांगला मोठा गुळाचा खडा घातला. सौदागर जास्तच हसला. आणि पहाटे चरवी पुन्हा दारात. गावात ज्यांनी ज्यांनी चरवी परत केली, त्यांचंही हेच झालं.

तेव्हा मैना उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "माझं लेकरू असंच जाणार."

मग पवळा बोलली. आवाज इतका बारीक, की गोदूबाईंना वाटलं शेजारून कुणीतरी बोलतंय.

"आत्याबाई, आपण तो कागद बघू या का?"

"तो दाखवेल का?"

"आपण मागितला कुठे अजून?"

मग तिसऱ्या बाजाराला तिघी चरवी घेऊन निघाल्या. ठकू मैनेच्या कडेवर. पारापाशी पवळेनं पदर सावरला आणि सौदागराला म्हणाली, "दादा, आमच्या घरचा करार दाखवा. सगळा."

सौदागराचं हसू जरा आखडलं. पण तो एक गोष्ट कधी करायचा नाही, बरं का. तो खोटं बोलायचा नाही. त्याला त्याची गरजच पडायची नाही. त्यानं कागद काढून दिला.

"आमच्या घरी का नाही ठेवलात?" पवळेनं विचारलं.

"कुणी मागितला नाही, वहिनी."

कागद उलगडत उलगडत पाराखाली गेला, विहिरीला वळसा घालून परत आला. वर अक्षरं बोराएवढी, मग मोहरीएवढी, मग मुंगीच्या पायाएवढी. पवळा ओणवी झाली आणि खालून वाचू लागली. लोक जमले. ती मोठ्यानं वाचत होती, इतकं मोठ्यानं ती जन्मात बोलली नव्हती.

'चरवी परत केल्यास करार संपेल. मात्र ती पूर्ण रिकामी असावी. आत काहीही आढळल्यास, करार पुढे चालू ठेवण्याची घराची इच्छा आहे असं समजलं जाईल.'

आणि त्याच्या वर, 'दुधाच्या मोबदल्यात घरातल्या सर्वांत लहान माणसाची झोप घेतली जाईल.'

पारावर सगळ्यांना आपापले तांदूळ आठवले, आपापला गूळ आठवला.

"आमची रीत तुला ठाऊक होती," गोदूबाई म्हणाल्या.

"सगळ्या गावांच्या रीती मला ठाऊक असतात, मावशी. धंदाच आहे."

पवळेनं मग काही वाद घातला नाही. तिनं चरवीतलं दूध कुत्र्यांना घातलं. चरवी विसळली, पदरानं कोरडी केली, उन्हात उपडी धरली. सरळ केली तेव्हा झाडावरून एक पान तिच्यात पडायला येत होतं, त्याला पवळेनं फुंकर मारली. मग ती चरवी सौदागरापुढे धरली.

"वहिनी, अशी देता?" सौदागर हळूच म्हणाला. "मावशी, तुमच्या घराचं नाव एवढं मोठं. एक सुपारी तरी. शकुनाची. चारचौघांत बरं दिसेल."

चारचौघं बघत होती. सबंध गाव बघत होतं. गोदूबाईंनी पन्नास वर्षांत एकही भांडं रिकामं परत केलं नव्हतं. त्यांच्या मनात काही नव्हतं हो, पण हाताला कोण सांगणार? हात आपसूक कनवटीला गेला, सुपारी निघाली, हात चरवीच्या तोंडावर आला.

पवळेनं सासूचं मनगट धरलं. नव्या सुनेनं, भर बाजारात.

गोदूबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग ठकूकडे बघितलं.

"सोडू नकोस गं," त्या म्हणाल्या. "घट्ट धर. सवय आहे हाताला."

सौदागरानं चरवीत वाकून बघितलं. एकदा, दोनदा, तीनदा. आत काही नव्हतं. मग कागद आपोआप गुंडाळला गेला, बारीक होत होत नाहीसा झाला. गाठोड्याची एक गाठ सुटली, आत काहीतरी फुरफुरलं, आणि ठकूनं एवढी मोठी जांभई दिली. मैनेच्या खांद्यावर मान टाकली आणि ती झोपली ती तिसऱ्या दिवशी उठली.

मग काय विचारता. बाया धावत घरी गेल्या, चरव्या पुसून पुसून घेऊन आल्या. गाठोड्याच्या गाठी सुटत गेल्या. पोरं असतील तिथे झोपली. एक तर तोंडात चिंचेचं बोटूक तसंच ठेवून झोपला. सौदागर रिकामं फडकं झटकत निघून गेला.

आणि राजा? अहो, हा सगळा झोपेचा माल त्याच्याकडेच चालला होता. काम काही करायचा नाही, म्हणून त्याला झोप नव्हती, म्हणून तो पोरांची विकत घ्यायचा. पुढे कुणीतरी त्याच्या हातात कुदळ दिली म्हणतात. तेव्हापासून तोही बरा झोपतो.

गावातल्या गाई पुन्हा व्यायल्या. वाट्या पूर्वीसारख्याच भरून परत जाऊ लागल्या, कारण रीत वाईट नव्हती. पण दारात कुणी कागद घेऊन आला, की गोदूबाई ओसरीवरून हाक मारायच्या, "पवळे, ये गं. खालून वाच." आणि वाचून झाल्यावर एक प्रत मागून घ्यायच्या, ती तांदळाच्या डब्यात ठेवायच्या. सगळी सुखानं राहिली.

चला, पांघरूण घ्या. तुमची झोप तुमचीच आहे, कुणाला लिहून दिलेली नाही. मिटा डोळे.