म्हशीच्या मोलाचं जातं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा म्हशी बोलत असत आणि नवरे ऐकत नसत. त्यातलं एक आता बदललं आहे.

त्या काळी एका पाथरवटाच्या अंगणात एक म्हातारा आणि त्याची म्हातारी कडाकडा भांडत होती. भांडण सकाळीच पेटलेलं. ऊन डोक्यावर आलं तरी दोघांपैकी कुणी घोटभर पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

"मी म्हणतो, हेच घ्यायचं!" म्हातारा ओरडला. त्याच्या समोर गाडीच्या चाकाएवढं जातं होतं. काळाभोर दगड, कडेनं कोरलेली वेलबुट्टी, ओढायला दोन खुंटे.

"आणि मोल काय त्याचं? सांगा की मोठ्यानं. टिकलीलाही ऐकू दे."

टिकली म्हणजे त्यांची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका. ती कुंपणाला बांधलेली होती, आणि पाथरवट सकाळपासून तिच्या कासेवरून नजर हटवत नव्हता. जात्याचं मोल तीच होती.

पारडी असताना आई मेलेल्या टिकलीला म्हातारीनं बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं.

घरचं जातं तडकलं होतं, हे मात्र खरं. आणि जात्यावाचून म्हातारीचं अडत होतं, कारण तिच्या हातचं जवाचं आंबवण साऱ्या गावाला लागे. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, जात्यावर भरडायचे, ऊन पाण्यात मुरवून फडक्यातून गाळायचे आणि ते पाणी मडक्यात आंबत ठेवायचं. एका वेळी एकच मडकं. ते प्यायलं की माणूस झिंगत नसे, नुसता उगाच हसत बसे.

"मला ते पुरे," म्हातारी म्हणाली. तिनं दाखवलेलं जातं कोपऱ्यात पडलं होतं. त्यावर पाथरवटाची कोंबडी बसली होती.

"ते? अगं, त्याच्या टाकीच्या खाचा कधीच बोथट झाल्या. पीठसुद्धा धड पडत नाही त्यातून. दात पडलेलं जातं ते!"

"माझेही पडलेत. मला कुठं बदललंत?"

"कुणी घेईना!"

पाथरवट खदखदून हसला. मग म्हातारीची नजर बघून त्यानं ते हसू खोकल्यावर नेलं.

"आजी, भांडता कशाला?" तो म्हणाला. "दोन्ही घेऊन जा. एकेक मडकं करून बघा. मोठं ठेवलंत तर म्हैस माझी. धाकटं ठेवलंत तर एक मडकं आंबवण द्या. कोंबडीची समजूत मी घालतो."

वेलबुट्टीचं जातं एकदा दारात आलं की कोण परत करतो, असा त्याचा हिशेब.

घरी मोठ्या जात्याला म्हातारा आणि दोन शेजारी लागले. पीठ असं पडलं, की फुंकर मारावी आणि ढग उठावा. गल्ली बघायला लोटली. म्हातारा भुवयांपर्यंत पांढरा होऊन शाबासकी घेत उभा राहिला. जन्मात त्याच्या दारात कुणी काही बघायला आलं नव्हतं.

"रेशीम आहे, रेशीम!" तो म्हणाला.

म्हातारी एकटीच धाकटं जातं ओढत होती. त्यातून दाणा फुटून दोन-तीन तुकडे होऊन पडे, आणि वरचं फोल जवळजवळ अख्खं राही.

"आजी, हे अर्धवटच राहिलं की," शेजारी म्हणाले.

"तोंड आवरा आणि फडकं धरा."

दोन्हीकडे ऊन पाणी पडलं. दोन्हीकडे मुरलं. मग गाळायची वेळ आली. म्हातारीच्या फडक्यावर फोलांचा थर बसला आणि त्यातून तपकिरी, गोड, नितळ पाणी धार धरून मडक्यात उतरलं.

म्हाताऱ्याच्या फडक्यातून एक थेंब पडला. दुसरा पडला. तिसरा येईचना.

"थांबा, लाजतंय," म्हातारा म्हणाला.

त्यानं फडकं पिळलं. बुक्क्या मारल्या. शेवटी त्याला लोंबकळला. फडकं टर्रकन फाटलं आणि पिठाची ऊन, चिकट खळ म्हाताऱ्याच्या मिशांवरून कमरेपर्यंत ओघळली. संध्याकाळी त्याची एक मिशी पूर्वेला आणि दुसरी पश्चिमेला अशी वाळून ताठ झाली होती.

"फोलच गाळतं, अहो," म्हातारी म्हणाली. "तुम्ही गाळणीचंच पीठ केलंत."

"मडक्यात आंबलं की पातळ होईल!" म्हातारा कसाबसा म्हणाला, कारण ओठ चिकटत होते. उरलेली खळ त्यानं हट्टानं मडक्यात भरली.

गोठ्यातून टिकली बोलली, "मालक, मी इथली की तिथली, तेवढं सांगा. म्हणजे रवंथाला बसते."

आंबवण तयार झालं त्या दिवशी पाथरवट नवं कोरं दावं घेऊन दारात हजर. त्यानं आधी म्हातारीचं आंबवण चाखलं. वाटी रिकामी केली, मिशा पुसल्या आणि दावं बघून उगाच हसत बसला. मग म्हाताऱ्याच्या मडक्याकडे वळला. त्यात पळी उभी होती, कुणी न धरता. त्यानं बोट घातलं. बोट वर काढलं, तर मडकंही बोटाबरोबर वर आलं.

पाथरवटानं मुकाट्यानं म्हशीसाठी आणलेल्या दाव्यानं मोठं जातं गाडीला बांधलं, म्हातारीचं मडकं काखोटीला मारलं आणि तो निघाला. गोठ्यात टिकली रवंथाला बसली. उरलेल्या खळीनं म्हातारीनं फुटक्या टोपल्या लिंपायला घेतल्या.

म्हातारा मात्र वळणाआड जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिला. "काहीही म्हण," तो पुटपुटला, "एवढं मोठं जातं साऱ्या गावात कुणाच्या दारात नव्हतं."

म्हातारीनं हात पुसले, आधीच काढून ठेवलेली आंबवणाची वाटी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "अहो, वस्तू केवढी मोठी ते गावाला दिसतं; ती आपल्याला कशाला हवी, ते आपणच बघायचं असतं."