राजाचं पिवळं फडकं

शुद्धलेखनात चुका असतील, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या.

चंद्रभान राजाच्या रथाला एका झिंगलेल्या गाडीवानानं धडक दिली आणि राजानं हुकूम काढला. वेशीवर प्रत्येक गाडीवानानं हळदीत रंगवलेल्या फडक्यावर थुंकायचं. डाग लाल पडला तर तो प्यालेला, बैल जप्त. थुंकायला नकार दिला तरी प्यालेलाच. ही परीक्षा राजवैद्यांनी काढलेली, त्यामुळे शंका घेणारा अडाणी ठरे.

पहिल्याच दिवशी वेशीवर बैल मावेनात. त्यात सुभाना गाडीवानाची जोडीही होती. सुभानानं जन्मात दारूला हात लावला नव्हता, नाद फक्त तंबाखूचा. पण बैल गेले म्हणजे घरची चूल गेली. त्याची मुलगी येसू तडक दरबारात गेली आणि म्हणाली, हळद लाल होते ती तंबाखूतल्या चुन्यानं, दारूनं नव्हे.

वैद्य हसले. फडकं चुकत नाही म्हणाले. राजाही हट्टाला पेटला.

"दारूचा थेंब न पाजता या दरबारात कुणाला तरी प्यालेला ठरवून दाखव. नाहीतर बापाचे बैल विसर."

येसूनं राजाकडे पाहिलं. चांदीच्या डबीतली, चुना लावून मळलेली तंबाखू त्याच्या गालात होती.

"महाराज, आज रथ कुणी हाकला?"

"मीच. सारथ्यावर माझा भरवसा नाही."

"मग फडक्यावर थुंका."

राजानं थुंकायचं म्हणजे काय, असं वैद्य पुटपुटले.

"नको तर नको," येसू म्हणाली. "नकार देणारा कोण ठरतो, ते महाराजांच्याच हुकुमात आहे."

राजानं वैद्यांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि थुंकला. पिवळ्यावर लालभडक डाग उमटला.

"वैद्यबुवा, मी प्यालोय का?"

वैद्यांनी फडकं उजेडात धरून पाहिलं. "फडकं तर चुकत नाही, महाराज. किंचित घेतली असेल."

"सकाळपासून मी ताकावर आहे!"

"मग रथाचे घोडे वेशीवर पाठवा," येसू म्हणाली. "बैल जरा सरकवले की मावतील."

राजा इतका हसला की त्याला तंबाखूचा ठसका लागला. त्यानं सगळे बैल सोडले, सुभानाला नवी गाडी दिली, घोडे मात्र खरंच रथासकट वेशीवर धाडले. प्यालेला ओळखायचा कसा, हेही त्यानं येसूलाच विचारलं. ती म्हणाली, ज्याला स्वतःची गाडी नीट जुंपता येते, त्याला जाऊ द्यावं. राजानं वेशीचं काम तिच्याकडेच सोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा घोडे सोडवायला वेशीवर गेला.

"रथ जुंपून दाखवा आणि न्या," येसू म्हणाली.

राजानं जन्मात कधी रथ जुंपला नव्हता. तो दरबारात पायी आला.