पहिल्या दगडाचे दर्शन

दिल्लीत बढाई मारताना केंद्रीय मंत्री रंगराव ढोबळे यांची जीभ जरा जास्तच सैल सुटली. “माझ्या गावात, नगरसेवक असताना मी केलेल्या पहिल्या कामापुढे लोक आजही हात जोडतात!”

“मग आम्हालाही दर्शन घडवा!” पक्षाध्यक्ष म्हणाले आणि पाच खासदारांसह उद्याच चिंचणपूरला येतो म्हणून कळवून टाकले.

रंगरावांना घाम फुटला. कारण ते पहिले काम म्हणजे बाजारातली मुतारी! दारावर कोनशिला : ‘शुभहस्ते रंगराव ढोबळे, नगरसेवक, वॉर्ड क्रमांक सात’.

त्याच रात्री गाव गाठून त्यांनी तिथल्या राखणदार बाईला, हौसाबाईला बोलावले. अठरा वर्षे ती रोजंदारीवर ती जागा लख्ख ठेवत होती.

“हौसा, दगड हलवायचा नाही, झाकायचा नाही. पण पाहुण्यांनी त्यापुढे हात जोडले पाहिजेत! एक जरी हसला, तरी मुतारी पाडीन आणि तू घरी!”

“मुतारीपुढं हात?” शेजारी उभे असलेले नगरपालिकेचे मुख्याधिकारी पुटपुटले. “अशक्य!”

हौसाबाईने पदर खोचला. “जोडतील की! फक्त आधी सभागृहात सत्कार ठेवा. मठ्ठा मी करते. आणि साहेब, भाषणात काही गाळू नका. वॉर्डापासून दिल्लीपर्यंत सगळं सांगा!”

“हे तर मी एरवीही सांगतोच!” रंगराव खुलले.

दुसऱ्या दिवशी ऊन रणरणत होते. पाहुण्यांनी मठ्ठ्याचे तीन-तीन पेले रिचवले. रंगरावांनी चार. मग भाषण सुरू झाले. तासाभरात साहेब नगराध्यक्षपदापर्यंत आले. दोन तासांनी आमदार झाले. खासदारकीची पहिली निवडणूक आली, तेव्हा पक्षाध्यक्ष खुर्चीत वळवळू लागले. सभागृहात सोय नव्हती. तिथल्या मुतारीचा प्रस्ताव बावीस वर्षे मंजुरीला पडून होता.

भाषण संपताच पाहुणे बाजाराकडे धावत सुटले! मुतारीच्या दाराला कुलूप. शेजारी हौसाबाई, कमरेला किल्ली.

“बाई, उघडा!” पक्षाध्यक्षांनी दोन्ही हात जोडले. पाचही खासदारांनी जोडले. हसायला कुणाला सवड होती?

“आधी दगड वाचा.”

सहा जणांनी एका दमात वाचला! हौसाबाईने कुलूप काढले. बाहेर येताना पक्षाध्यक्ष गहिवरून म्हणाले, “रंगरावजी, काय ही दूरदृष्टी!”

पाहुणे गाडीकडे वळले. रंगराव घाईघाईने दाराशी आले, तर पुन्हा कुलूप!

“हौसा, किल्ली!”

“साहेब, मी नोकरीत कायम झाल्याचा कागद?”

“उद्या बघू!”

“बघा की. माझी काही घाई नाही.”

रंगराव एका पायावरून दुसऱ्या पायावर आले. “मुख्याधिकारी! कागद आणा! पळा!” कागदावर शिफारशीची सही झाली, शिक्का बसला.

“पण हे जमवलंस कसं ग?”

“मठ्ठा तर नुसतं निमित्त, साहेब. खरं काम तुमच्या भाषणानं केलं!”

रंगराव खो खो हसले आणि लगेच पोट धरून ओरडले, “हसवू नकोस ग बाई, आधी कुलूप काढ!”

“आधी दगड वाचा,” हौसाबाई म्हणाली.

आणि मंत्रिमहोदयांनी स्वतःच्याच नावापुढे हात जोडले!