शेवंताच्या उंचीवरून

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध डॉक्टर राहत असत. लोक त्यांना नुसते ‘मोठे डॉक्टर’ म्हणत. त्यांच्या हाताखाली मुकुंद नावाचा तरुण डॉक्टर शस्त्रक्रिया शिकत होता. त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे लोटली. मुकुंदाचेही केस पिकले. तरी दवाखान्यातला फिनेलचा वास, खिडकीबाहेरचा बुचाच्या फुलांचा सडा आणि दुपारी गुरु-शिष्य वाटून घेत तो चहा, हे सारे त्याच्या मनात अजून ताजे आहे.

एके दिवशी शाळा सुटताना पेठेतल्या रस्त्यावर शेवंता नावाच्या लहानग्या मुलीला ट्रकने उडवले. मांडीचे हाड मोडले होते, रक्त फार गेले होते. मुकुंदाने गुरूंच्या देखरेखीखाली शस्त्रक्रिया केली आणि मुलगी वाचली. तिची आई पाया पडू लागली तेव्हा मुकुंदाला वाटले, आपली विद्या सफल झाली.

मोठे डॉक्टर मात्र शेवंताच्या खाटेशी बसले आणि म्हणाले, “बाळ, रस्ता ओलांडताना तू कुठे उभी होतीस?”

“खताच्या दुकानापाशी.”

“ट्रक दिसला नाही?”

“नाही. एकदम आला.”

“धांदरट आहे हो,” आई म्हणाली. “किती वेळा सांगितलं, बघून चाल म्हणून.”

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर मुकुंदाला घेऊन त्या दुकानापाशी गेले आणि परीटघडीच्या कपड्यांनिशी रस्त्याच्या कडेला, धुळीत, उकिडवे बसले. येणारेजाणारे थबकले. मुकुंदाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दुकानातून हेमराजशेठ लगबगीने बाहेर आला.

“साहेब, चक्कर आली का? पाणी आणू?”

“पाणी नको, शेठ. जरा असेच माझ्याशेजारी बसा.”

शेठ संकोचत बसला.

“आता सांगा, गाडी येताना दिसते?”

शेठने मान वळवली. समोर त्याच्याच दुकानाबाहेर रचलेली पोत्यांची थप्पी होती. तिच्यापलीकडचा रस्ता दिसतच नव्हता. तेवढ्यात थप्पीआडून एक एसटी अंगावर आल्यासारखी बाहेर पडली आणि शेठ दचकून मागे सरला.

“उभं राहिलं की सगळं दिसतं,” तो पुटपुटला. “पण साहेब, एवढंसं दुकान. पोती ठेवू कुठे?”

मोठे डॉक्टर मुकुंदाकडे वळले. “गेल्या वर्षी इथेच कुंभारांचा मुलगा गेला. आपण म्हटलं, पोरगं अवखळ होतं. मी तुझ्या वयाचा असताना या गावात पटकीची साथ आली होती. माझ्या गुरुजींनी रोग्यांना सलाइन लावलं, आणि त्याच दिवशी विहिरीत औषध टाकायला माणसं धाडली. तहान लागली म्हणून त्यांनी कुणाला बोल लावला नाही. मूल धावणारच, मुकुंदा. माणूस चुकणारच. ती चूक त्याच्या जिवावर बेतू नये अशी वाट करून ठेवणं, हेही वैद्यकच आहे.”

मग शेठ खाली मान घालून म्हणाला, “त्या पोराच्या मातीला मी गेलो होतो, साहेब.” तो उठला, आणि हमालांना हाक न मारता पहिले पोते त्याने स्वतःच ओढत आत नेले.

शाळेजवळ गतिरोधक होण्यासाठी मात्र मोठ्या डॉक्टरांना बांधकाम खात्यात वर्षभर खेटे घालावे लागले. बरोबर जाऊन कंटाळलेला मुकुंद एकदा म्हणाला, “सर, यातून कोण वाचलं हे कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“नकोच कळायला,” ते म्हणाले आणि पुन्हा बाकावर टेकले.

आज ते नाहीत. खताचे दुकानही गेले. परवा त्या गावी जाणे झाले, तेव्हा मुकुंद त्या रस्त्याच्या कडेला जरासा थांबला. शाळा सुटली. गतिरोधकापाशी गाड्या मंदावल्या आणि मुले गलका करीत पलीकडे निघाली. एक मुलगी त्याला धडकली, “सॉरी हं आजोबा,” म्हणाली आणि मैत्रिणीशी अर्धवट राहिलेले भांडण पुढे चालवीत निघून गेली. गलका गल्लीगल्लीत पांगेपर्यंत मुकुंद तिथेच उभा होता.

जो अपघात घडलाच नाही, त्याची बातमी होत नाही. त्या संध्याकाळी मुले फक्त घरी पोचतात.