मधे घेतलेला दगड

“गाडी दोन इंच उचलू, का तीन? तुमीच सांगा, वस्ताद.”

अल्लाबक्ष शिकलगार वस्तादांनी मान वर केली नाही. गाडीच्या स्प्रिंगमधल्या एका जुन्या पाट्याच्या कडेवर ते कानस घासत होते, ते घासत राहिले.

विचारणारा होता बिरू येडगे. वरल्या धनगरवाड्यापासून तालुक्यापर्यंत माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवणारा तो एकटाच. आपल्यासारखी गाडी दुसरा कोणी चालवू शकत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. त्या रस्त्याला दुसरा कोणी नव्हताच, त्यामुळे ते मत खोडून काढायला आजवर कोणी आलं नव्हतं.

तीन वर्षं तो याच गॅरेजात वस्तादांच्या हाताखाली होता. मग एका सकाळी त्याला वाटलं, आता शिकायचं काही उरलं नाही. पाया न पडताच निघून गेला. त्याला आता पाच वर्षं झाली होती. आज फेरी नव्हती म्हणून आला, आणि काय बोलून सुरुवात करावी ते न सुचल्यामुळे त्यानं थेट इंचांपासून सुरुवात केली.

“स्वस्तातल्या तीन वाटा हायत,” तो म्हणाला. “पाट्याखाली लोखंडी गुटके घालायचे. न्हाईतर पाटा जिला टांगत्यात ती शॅकल लांब लावायची. न्हाईतर पाटेच नवे घ्यायचे, जास्त कमानीचे. नवे पाटे मला झेपत न्हाईत. गुटके झेपत्यात.”

त्यानं कागदात गुंडाळलेलं पुडकं बाकावर ठेवलं. चार गुटके होते, काळ्या रंगाचे, अजून तेलाचा वास असलेले. मोबाईलवर दोन महिने व्हिडिओ बघून त्यानं ते निवडले होते.

“तुमी फक्त बसवून द्या.”

वस्तादांनी कानस ठेवली. एक गुटका हातात घेतला, तोलला, परत ठेवला.

“गाडी रोज कुठं असती?”

“वाडा ते तालुका. दोन फेऱ्या.”

“त्यात दगडाचा रस्ता किती?”

“वरला दीड मैल.”

“बाकीचा?”

“डांबरी. घाटाचा.”

“अन् बसतं कोण?”

“दुधाच्या किटल्या. शाळंची पोरं. बाजारच्या म्हाताऱ्या.”

“म्हाताऱ्या चढत्यात?”

“मी हात देतो.”

“तीन इंच वर गेल्यावर?”

“जरा जोरानं हात दीन.”

वस्ताद हसले नाहीत.

“उंच केलेली गाडी घाटातल्या वळणाला कलती, ठावं हाय न्हवं?”

“सावकाश घीन.”

“गुटक्यानं उंची येती. पाटा काय जास्त लवत न्हाई. दणके तेवढंच बसणार.”

“बसू द्यात. रोजची गाडी हाय, सवय होईल माणसांना.”

प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार होतं. येताना घाटभर त्यानं तीच घोकली होती.

“मग उचलायची कशाला?” वस्तादांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तरही त्यानं घोकलं होतं. पण ते न देता तो पुडक्याचा कागद परत गुंडाळू लागला.

…

“सगुणाला आठवा लागलाय,” तो शेवटी म्हणाला. “माझ्या बायकूला. कधीबी खाली आणाय लागंल. अन् ओढ्यात त्यो कातळ हाय, वस्ताद. उपटायचा म्हटला तरी उपटत न्हाई, डोंगराचाच हाय. एरवी कडंनं गाडी निघती, पाणी असलं की त्याच्यावरनंच घालाय लागती. गेल्या साली गाडी त्याच्यावरच बसली. परत बसली तर…”



गेल्या साली दसऱ्याच्या आधी दोन दिवस, सकाळी आठच्या सुमाराला, बिरूच्या जीपमध्ये मागच्या बाकावर भामा शेळके होती. त्याच्याच वाड्यातली, पहिलटकरीण. ओढ्यातल्या कातळावर जीपचं पोट टेकलं. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. जीप पुढंही जाईना, मागंही येईना. शेवटी चौघांनी भामाला घोंगडीत घातलं आणि तिथून डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावरून नेलं. त्यात दीड तास गेला.

भामा वाचली. मूल वाचलं नाही.

तेव्हापासून बिरू सगळ्यांना एकच सांगत आला होता, गाडी खाली आहे. चहाच्या टपरीवर सांगितलं, सरपंचांना सांगितलं, सगुणाला सांगितलं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. भामा अजून बाजारच्या दिवशी त्याच्याच जीपमध्ये बसते. चढते, बसते, उतरते, त्याच्याशी एक शब्द बोलत नाही. ती बसलेली असली की तो मागच्या आरशात बघायचं टाळतो.

वस्तादांना यातलं काही सांगावं लागलं नाही. डोंगरातल्या अशा बातम्या खाली लवकर पोचतात.

ते गुडघ्यांवर हात देऊन उठले. सत्तरी कधीच मागं पडली होती. अंगणाच्या कडेला दगडांचा ढीग होता, त्यातून त्यांनी एक दगड पायानं लोटत जीपच्या मागच्या चाकांच्या मधोमध आणला.

जीपच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा आस असतो, त्याच्या मधल्या भागाला लोखंडी गोळा असतो. सगळ्या गाडीत जमिनीला सगळ्यात जवळचा तोच.

“तवा कातळाला ह्योच गोळा टेकला हुता?”

“व्हय.”

वस्तादांनी दगडाखाली चपट्या खापऱ्या सारल्या, दगड थोडा वर घेतला.

“बोट घाल मधी.”

बिरू खाली वाकला. गोळा आणि दगड यांच्यामध्ये त्याचं एक बोट जात होतं. बरोब्बर एक.

“आता उचल गाडी. तुला पायजे तेवढी.”

बिरूनं जॅक आणला. कुठं लावायचा ते त्याला विचारावं लागलं नाही. मागं चासीखाली लावला आणि दांडा मारू लागला. जीपचं अंग वर निघालं, पाटे कुरकुरत मोकळे झाले. तीन इंच झाल्यावर त्यानं टेपनं मोजून खात्री केली आणि मागं सरकून बघितलं.

जीप ऐटीत उभी होती. त्याला अशीच हवी होती. मनात म्हणाला, आता बघा म्हणावं कातळाला.

“घाल बोट,” वस्ताद म्हणाले.

तो वाकला. बोट घातलं.

एक.

त्याला वाटलं आपण चुकीच्या जागी घातलं. सरकून पुन्हा घातलं. दुसरं बोट शिरतं का बघितलं. शिरलं नाही. त्यानं जॅककडे बघितलं, टेपकडे बघितलं, पुन्हा खाली वाकला.

चाकं जमिनीवरच होती. आस चाकांना धरून होता आणि गोळा आसाला धरून. वर गेली होती ती फक्त माणसं बसतात ती जागा.

…

त्याचे कान तापले. तीन वर्षं याच अंगणात त्यानं शंभर गाड्यांना जॅक लावला होता आणि हे एवढं सरळ त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. व्हिडिओतही कोणी ना कोणी सांगितलं असेल. तेवढा भाग त्यानं बोटानं पुढं ढकलला असेल.

“मोठे टायर घातले तर गोळा उचलतो,” तो अजून हार मानायला तयार नव्हता.

“उचलतो. किती?”

“इंच. दीड इंच.”

“अन् कातळ?”

बिरूनं हातानं दाखवलं. वीतभर आणि वर चार बोटं.

वस्ताद उकिडवे बसले, पाठ गॅरेजच्या भिंतीला टेकवली. समोरच्या रस्त्यानं उसाची ट्रॉली गेली, तिचा आवाज जाईपर्यंत थांबले.

“कातळ कुठल्या चाकाखाली घेतलास?”

“चाकाखाली न्हाई. मधी घेतला.”

“का?”

“…चाक वाचवाय.”

“का?”

बिरू जॅकच्या दांड्याकडे बघत राहिला.

वस्तादांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर बिरूनं काहीतरी ठोकून दिलं असतं. त्यांनी विचारलं नाही, म्हणून त्याचा नाइलाज झाला.

“टायर नवे हुते,” तो म्हणाला.

…

हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही. चारच दिवस आधी त्यानं चारी टायर नवे घातले होते, खोल नक्षीचे. वाड्यातल्या सगळ्यांना त्यानं ते दाखवले होते. आणि त्या सकाळी मागं बाई कण्हत असताना, समोर कातळाची धार दिसल्यावर, त्याच्या हातांनी स्टिअरिंग वळवून टायर वाचवले होते. त्यानं ठरवून केलं नव्हतं. पण हात त्याचेच होते, आणि हेच त्याला वर्षभर आतून खात होतं.

तो चाकाजवळ मातीत बसला. त्याला रडू आलं. वस्तादांनी त्याला गप्प केलं नाही, पाणीही दिलं नाही. रडून होईपर्यंत नुसते बसून राहिले.

“मी काय शिकवलं हुतं?” मग त्यांनी विचारलं.

“चाक दगडावर घाल. दगड पोटाखाली घिऊ नगं.”

“कवा शिकवलं हुतं?”

“पैल्याच आठवड्यात.”

“उतरव गाडी.”

बिरूनं जॅक सोडला. जीप खाली आली, होती तशी झाली. वस्तादांनी दगडाखालच्या खापऱ्या काढल्या आणि दगड जीपच्या पुढं दहा पावलांवर नेऊन टाकला. त्याची धारेची बाजू वर केली. मग स्वतः पलीकडे जाऊन उभे राहिले.

“ये.”

बिरू चढला. गाडी सुरू केली. दगड जवळ आला आणि त्याचे हात आपोआप वळले, दगड दोन चाकांच्या मधे जाईल असे. आपले हात वळलेले त्याला दिसले. त्यानं ब्रेक दाबला.

वस्तादांनी हातानं मागं जायची खूण केली.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा त्यानं दात आवळले आणि डावं चाक सरळ धारेवर घातलं. जीप कलली. आता उलटते, असं त्याला क्षणभर वाटलं. पुढचं चाक चढलं, उतरलं. मग मागचं चढलं, आणि त्याच्याबरोबर आस वर निघाला, आसाबरोबर गोळा. खाली काही टेकलं नाही. जीप पलीकडे उतरून उभी राहिली.

त्यानं खाली उतरून बघितलं. टायरच्या कडेला एक पांढरा ओरखडा उठला होता. बोट घालून बघायची गरज नव्हती.

वस्तादांनी जीपच्या पाट्यांवरून हात फिरवला. वरच्या पाट्यापासून खालच्यापर्यंत, एकेक.

“पाटे बसलेत तुझे. लई वरसांचा भार हाय. उद्या दुपारी घिऊन ये, भट्टीत घालून कमान परत आणतो. मुळात हुती तेवढीच. त्याच्यावर एक सूत न्हाई.”

“अन् गुटके?”

“दुकानदार परत घीत असला तर दे. न्हाईतर दाराला लाव, वाऱ्यानं आपटणार न्हाई.”

बिरूला बरं वाटलं. छातीवरचं ओझं निम्मं उतरल्यासारखं झालं. पाटे नीट होणार होते, कातळ कसा ओलांडायचा ते हातांना पुन्हा कळलं होतं. सगुणाला आता तो खाली आणू शकत होता. त्यानं पुडकं काखोटीला मारलं, वस्तादांच्या पाया पडला आणि निघताना विचारलं,

“परवा आणू का तिला? हितं तालुक्याला तिच्या मावशीकडं ठिवतो. आधीच आणलेली बरी.”

“भामाला सांगितलंस?”

“काय?”

काय ते त्याला नीट ठाऊक होतं.



“…न्हाई.”

“तिला काय सांगितलंस?”

“गाडी खाली हाय म्हणून.”

…

“ती कायच बोलत न्हाई, वस्ताद. तिनं शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता, तर बरं झालं असतं. नुसती चढती अन् उतरती. अन् आता सांगून तरी काय हुणार? मूल तर परत येत न्हाई.”

“न्हाई येत.”

“मग?”

वस्तादांनी जुना पाटा पुन्हा मांडीवर घेतला. कानस उचलली, अंगठ्यानं तिची धार बघितली आणि घासायला सुरुवात केली. बिरू उभाच होता.

मग मान वर न करता ते म्हणाले,

“आज जाताना कातळापाशी गाडी ठिव. तिथनं तिच्या दारापतूर चालत जा.”