भिवाचं फाडफाड इंग्रजी

पिंपळदरी गावात भिवा नावाचा एक भोळा राहायचा. सांगाल ते ऐकायचा, हाच सगळा घोटाळा होता.

भिवाचं लग्न सुलभाशी ठरलं. तिच्या वडिलांची, तात्यांची, एकच अट होती. जावई इंग्रजी बोलणारा हवा. तात्यांना स्वतःला 'येस' आणि 'नो' दोन्ही यायचे, फक्त कुठे कोणता म्हणायचा ते ठाऊक नव्हतं. घरात इंग्रजी कळायचं एकट्या सुलभाला. म्हणून तिला कुणी विचारलंच नाही.

भिवाने निमकर मास्तरांचा इंग्रजीचा वर्ग लावला. मास्तर म्हणाले, "घरापुढे माणसं जमलेली दिसली, की हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, काँग्रॅच्युलेशन्स. म्हणजे अभिनंदन."

तात्यांच्या घरापुढे माणसं जमली. त्यांचे थोरले भाऊ वारले होते. भिवाने तात्यांचा हात धरला. "काँग्रॅच्युलेशन्स!"

तात्यांना हुंदका आवरेना. "बघा, पोरगं इंग्रजीत रडतंय."

भिवाने मास्तरांना सगळं सांगितलं. मास्तर ओरडले, "अरे शहाण्या, तिथे तोंड पाडायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि 'सो सॉरी' म्हणायचं. फार वाईट झालं, असं."

पुढे सुलभाच्या भावाला मुलगा झाला. बारशाला भिवा गेला. पाळण्यात डोकावला, तोंड पाडलं, बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "सो सॉरी."

तात्यांनी त्याला पेढा भरवला. "बाळाला पहिला आशीर्वाद इंग्रजीत!"

सुलभा रडकुंडीला आली. "तात्या, हे ध्यान मला नको."

"गप बस. तुला काय कळतंय इंग्रजीतलं?"

मास्तर भिवाला म्हणाले, "बाळ बघून सॉरी? अरे, 'मेनी हॅपी रिटर्न्स' म्हणायचं. हा दिवस पुन्हा पुन्हा येवो!"

मग तात्यांचा गोठा जळाला. भिवा बादली घेऊन धावला. एवढं मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून बरोबर जमलं. आग विझल्यावर घाम पुसत तो म्हणाला, "मेनी हॅपी रिटर्न्स!"

तात्यांनी काळ्या हातांनी त्याची पाठ थोपटली.

मास्तरांनी हात जोडले. "बाबा, तू आता एवढंच कर. साहेब माणूस कधी पुढे घुसत नाही. आपली पाळी आली की मागे सरायचं, शेजारच्याला हात दाखवायचा आणि म्हणायचं, आफ्टर यू. म्हणजे आधी तुम्ही, मग मी."

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात भिवाने दहा जणांना आधी आत सोडलं. सगळे खूश. तात्या तर फुगून गेले.

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट खाली आला. सुलभाने हार उचलला. भिवाच्या लक्षात आलं, पाळी आपली आहे. तो मागे सरला. शेजारी त्याचा बिनलग्नाचा आतेभाऊ रंगनाथ ताट धरून उभा होता. त्याच्याकडे हात दाखवून भिवा म्हणाला, "आफ्टर यू."

भटजींनी तात्यांकडे पाहिलं.

तात्या म्हणाले, "जावयाने इंग्रजीत सांगितलंय, म्हणजे विचार करूनच सांगितलं असणार. सुले, काय म्हणतो तो?"

"आधी ह्यांच्या गळ्यात घाल म्हणतायत."

"मग घाल की! बघत काय बसलीस?"

रंगनाथने मान केव्हाच खाली घातली होती. सुलभाने हार घातला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, टाळ्या तात्यांनीच सुरू केल्या.

आणि भिवा मुंडावळ्या सावरत शेजारी उभा राहिला, आता आपली पाळी केव्हा येते याची वाट बघत.